यादीत नसलेला तीनशे एकावा फोन

हे इथं लिहावं की नाही, यावर मी तीन आठवडे विचार केला. या सदरातले अनुभव मी वाचते खरी, पण दर वेळी मनात येतं – झोपेत असतील, ताप असेल, नाहीतर कुणीतरी मस्करी केली असेल. आमचं घर बौद्ध. घरात देव्हारा नाही, कुणाच्या अंगात येत नाही, लिंबू-मिरची मी फक्त लोकांच्या दारात टांगलेली पाहिली. लहानपणी मी चिंचेखालून जायला घाबरायचे, तर बाबांनी हाताला धरून त्याच झाडाखाली बसवलं होतं आणि तिथंच माझ्याकडून पाढे म्हणून घेतले होते. त्यामुळं आज मी जे लिहिणार आहे ते बाबांना कळलं तर... पण त्यांना कळलेलं आहेच. ते पुढं येईल.

माझं नाव प्रज्ञा. परभणीला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये काम करतात. आमचं गाव सेलूपासून आठ-नऊ किलोमीटरवर, दुधना नदीच्या काठी. मी रोज टमटमनं सेलूला आणि तिथून रेल्वेनं परभणीला जाते.

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मी आणि अझहर, आम्ही दोघांनी मिळून घेतलं होतं. इंटरनेटवरून फोन लावणारा सर्व्हर बनवायचा. नदीला पाणी येतंय असं कळलं की ग्रामपंचायतीत एक बटण दाबायचं, गावातल्या तीनशे घरांत फोन वाजेल, आणि उचलला की रेकॉर्ड केलेला निरोप ऐकू येईल.

कल्पना माझी होती. कारण सांगते. मी अकरावीत असताना एका पावसाळ्यात नदी अचानक फुगली. निरोप गावात वेळेवर आला होता. वरच्या आळीनं सामानसुद्धा हलवलं. पण फिरत फिरत तो आमच्या वस्तीपर्यंत आलाच नाही. आम्हाला कळलं ते पाणी दारात आल्यावर. माणूस कुणी गेलं नाही, पण शेजारच्या काकूंची दोन शेरडं वाहून गेली आणि आमची वर्षाची ज्वारी भिजली. म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं – ‘सर्व घरांना एकाच क्षणी सूचना.’ कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

घरांची यादी पंचायतीतून मिळाली. ती वेशीपासून सुरू होते आणि उतारानं खाली येते. आमची वस्ती सगळ्यात शेवटी, आणि वस्तीत आमचं घर शेवटचं. नंबर तीनशे. आमच्यानंतर यादीत घर नाही, नदीच आहे.

आमचे गाइड टाकळकर सर पहिल्या दिवशी हसून म्हणाले होते की ही तर दवंडीच झाली, फक्त कॉम्प्युटरची. मी सांगून गेले की माझे आबा, म्हणजे बाबांचे वडील, गावचे कोतवाल होते, दवंडी तेच द्यायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या आधीच ते वारले. पण तेवढ्यावरून अझहरनं माझं नाव ‘कोतवालीणबाई’ पाडलं ते पाडलंच.

आता लोड टेस्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. खऱ्या तीनशे घरांना फोन लावून बघता येत नाही. म्हणून लॅबमधला एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर केला आणि दुसऱ्यावर तीनशे बनावट फोन तयार करणारं सॉफ्टवेअर टाकलं. सर्व्हर कॉल लावणार, बनावट फोन ते उचलणार, आणि किती कॉल टिकतात ते स्क्रीनवर दिसणार. हे बनावट फोन फक्त उचलतात. स्वतःहून कुणाला लावत नाहीत. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना एका वायरनं जोडलेले, बाकी कशालाही नाही... कॉलेजच्या नेटलासुद्धा नाही.

पहिल्या टेस्टला दोनशे चौदा कॉल लागले आणि बाकीचे पडले. दुसऱ्यांदा दोनशे नऊ. मग दोनशे सोळा. सीपीयू शंभर टक्क्यांना जाऊन टेकायचा आणि सर्व्हर जणू दम लागल्यासारखा थांबायचा. आम्ही काय काय केलं! बंद पडलेल्या मशीनची रॅम काढून बसवली. वायर बदलली. एका वेळी किती फाइली उघडता येतील याची मर्यादा वाढवली. निरोपाचा आवाज अशा प्रकारात साठवला की सर्व्हरला तो बदलत बसायला लागू नये. मंगळवारी तर कॉलचं रेकॉर्डिंगही बंद करून टाकलं, तेवढाच भार कमी. दोनशे अठरा!

आणि पडणारे कॉल नेहमी शेवटचेच. सर्व्हर यादी वरून खाली वाचतो, त्यामुळं वरच्यांचं जमून जायचं आणि खालचे तडफडायचे. आमची वस्ती दोनशे एकवीसपासून सुरू होते. म्हणजे मी बनवलेल्या यंत्रानंही आमच्याच वस्तीला विसरायचं ठरवलं होतं.

अझहर म्हणाला, एकदम सोडूच नको, टप्प्याटप्प्यानं सोड. मी ऐकेना.

“टप्पे केले की शेवटचा टप्पा कुणाचा?” मी विचारलं.

“कुणाचा तरी राहणारच ना.”

“कुणाचा तरी नाही. आमचाच.”

त्यानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, “लय जिद्दी आहेस तू, कोतवालीणबाई. सर्व्हरला पटंना न् तुला कळंना.”

शुक्रवारी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येणार होते. टाकळकर सर चांगल्या मनानंच म्हणाले की तीनशेचा हट्ट सोडा, रिपोर्टात शंभर लिहा, शंभर दाखवा, पास व्हाल. सरांचं चुकत नव्हतं. पण शंभर म्हणजे वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत. माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये माझ्याच आईचा फोन वाजणार नव्हता. मी सरांना बुधवारची संध्याकाळ मागून घेतली. नाही जमलं तर शंभर लिहीन, असं कबूल केलं.

आणि मग बुधवार. दुपारचे अडीच वाजले असतील. एप्रिलचं परभणीचं ऊन, लॅबमधले पंखे गरम हवाच फिरवत होते. बाकीची मुलं जेवायला गेलेली. आम्ही दोघंच होतो. मी बटण दाबलं. आकडा चढला – शंभर, दीडशे, दोनशे... दोनशे अकराला अडकला, कॉल पडायला लागले. रोजचंच. मी बंद करणार एवढ्यात अझहरनं माझा हात धरला.

“थांब थांब. वरचा आकडा बघ.”

सर्व्हरच्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात एकूण कॉलचा आकडा येतो. लागलेले, पडलेले, सगळे मिळून. तो नेहमी तीनशे असतो. आत्ता तीनशे एक होता.

अझहर म्हणाला, एखादा कॉल दोनदा मोजला असेल. मलाही तेच वाटलं. म्हणून लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेली कॉलची नोंद, उघडला. दोनदा मोजलेला नव्हता. तीनशे कॉल सर्व्हरनं बाहेर लावलेले होते... आणि एक कॉल आत आलेला होता. एक्स्टेन्शन, म्हणजे फोनचा नंबर, तीनशे एक. आम्ही एक ते तीनशे बनवली होती. आणि मघाशी सांगितलं तसं, आमचे बनावट फोन कुणाला लावतच नाहीत.

माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीनं नाही, हे खरं सांगते. एखाद्या गणिताचं उत्तर चुकलंय हे माहीत असावं आणि नेमकी चूक सापडावी, तसं झालं. मला वाटलं, हाच तो बिघाड! हाच सगळ्यांना पाडतोय! मी रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडलं. ते मंगळवारीच रिकामं करून रेकॉर्डिंग बंद केलं होतं. त्यात एक फाइल होती. ३०१, आणि पुढं आत्ताची वेळ.

हेडफोनचा एक कान मी घेतला, एक अझहरनं. आधी काहीच नाही. मग लांबून... टण्, टण्, टण्. पत्र्यावर काठी मारावी तसे तीन ठोके. मग शांत. बराच वेळ शांत. परत तीन ठोके, आता जरा जवळ. परत शांत. कुणीतरी ठोके देत चालत येतंय, जवळून जातंय, आणि पुढं निघून जातंय असं वाटत होतं. बोलणं एक अक्षर नाही.

अझहरनं वर पंख्याकडं पाहिलं. पंख्याचा आवाज असा नव्हता. त्यानं दोन्ही मशीनच्या मागं हात घालून पाहिलं, माइक कुठंच लावलेला नव्हता. लॅबमध्ये माइकच नाही. मग त्यानं खुर्ची जरा मागं सरकवली आणि म्हणाला, “हे तू केलंयस ना? सांगून टाक, मी सरांना नाही सांगत.” मी म्हणाले, मला वाटलं तू केलंयस.

आवाज नीट बघता यावा म्हणून मी ती फाइल आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. स्क्रीनवर तीन रेघांची एक जुडी, मग मोकळी जागा, मग पुन्हा जुडी, मोकळी जागा. मोकळी जागा प्रत्येक वेळी साधारण दहा सेकंदांची. जुड्या मोजल्या. पंधरा.

शेजारच्या खिडकीत आमच्या टेस्टचा आलेख उघडाच होता. सुरुवातीलाच एक उंच भिंत – तीनशे कॉल एकाच सेकंदात – आणि पुढं सगळी पडझड.

दोन्ही आलेख शेजारी शेजारी होते. मी किती वेळ बघत होते माहीत नाही. आणि मग मला कळलं. इतकं सोपं! सर्व्हरला तीनशे कॉल चालवणं जड नव्हतंच. जड होतं ते तीनशे एकदम सुरू करणं. एखाद्या फोननं अर्ध्या सेकंदात उत्तर दिलं नाही की सर्व्हर तोच कॉल पुन्हा पाठवतो. तीनशे एकदम सोडले की उत्तरं रखडतात, रखडली की सर्व्हर पुन्हा पाठवतो, त्यानं अजून रखडतात. आमचा सर्व्हर स्वतःच्याच हाका पुन्हा पुन्हा मारून थकत होता. ‘एकाच क्षणी’ या माझ्या आवडत्या वाक्यानंच तो पाडला होता.

“पंधरा टप्पे,” मी म्हणाले. “वीस-वीस घरं. मध्ये दहा सेकंद.”

“मी दहा दिवस हेच सांगायलोय,” अझहर म्हणाला. “माझं नाही ऐकलंस, पत्र्याचं ऐकलंस.”

मी चार ओळी बदलल्या. घाईघाईत एक कंस राहिला, प्रोग्राम चालेना, तो अझहरनं शोधून दिला. बटण दाबलं. वीस. चाळीस. साठ. सीपीयू वीस-पंचवीसच्या पुढं जाईना. दोनशे झाले. दोनशे वीस... दोनशे ऐंशी. तीनशे. तीनशेच्या तीनशे लागले आणि निरोप संपेपर्यंत एकही पडला नाही! मी टेबलावर हात आपटला. अझहर लॅबभर फिरून आला. शेजारच्या लॅबमधल्या मॅडम बघायला आल्या की काय झालं. टाकळकर सरांना बोलावून आणलं, त्यांनी परत चालवायला लावलं, मग चष्मा पुसून म्हणाले की शंभर लिहू नका.

लॉग आणि ती ३०१ ची फाइल मी मोबाइलमध्ये घेतली आणि पाचच्या आधीच्या गाडीनं निघाले. एक-दोन स्टेशनं गेल्यावर मला बसायला जागा मिळाली, तर तिथंही बसवेना.

घरी बाबा अंगणात होते. हंगाम संपल्यामुळं जिनिंग बंद होतं. मी आधी पास झाल्यासारखीच बातमी सांगितली, मग हसत हसत म्हणाले की एक गंमत ऐका. जिनिंगच्या आवाजानं बाबांचा डावा कान मंद झालाय. त्यांनी मोबाइल उजव्या कानाला लावला. पहिल्या तीन ठोक्यांवर काही नाही. दुसऱ्या ठोक्यांना त्यांनी मोबाइल कानापासून लांब धरून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. पूर्ण अडीच मिनिटं ऐकलं.

“कुठून आणलंस हे?”

“लॅबमधून. बिघाड झाला होता.”

“परत लाव.”

परत लावलं. मग ते म्हणाले, “आबाचा डबा हाय हा.”

मी म्हणाले, बाबा, आबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली.

“मला ठाऊक हाय की. मीच होतो संगं.” मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, “हे बघ माय, भूतबीत काई नसतंय. तुझ्या मशिनीत काय झालं ते तू बघ, तू शिकलेली हायस. पण ठोका आबाचाच हाय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी डफडं वाजवायचं सोडलं होतं. आबा कोतवाल झाले तेव्हा गाव म्हणालं की दवंडी डफड्यावरच झाली पाहिजे. आबा म्हणाले, काम सरकारचं आहे, दवंडी देईन, पण डफडं हातात धरणार नाही. आणि त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा घेतला, बाभळीची काठी घेतली. लोक हसले. मग सवय झाली. नोकरी संपेपर्यंत त्यांनी डबाच वाजवला.

“तीन ठोके द्यायचे न् थांबायचे,” बाबा म्हणाले. “मी मनायचो, आबा, पळत पळत सांगा की, लवकर व्हईल. तर मनायचे, समद्यायला एकदम वरडून सांगितलं तर कुणालाच ऐकू येत न्हाई. लोकायला घरातून भाईर यायला टाइम द्यावा लागतंय.”

सर्व्हरचं मी त्यांना अजून सांगितलेलंच नव्हतं. फक्त ‘जमलं’ एवढंच सांगितलं होतं.

मी विचारलं, किती ठिकाणी थांबायचे? बाबा बोटांवर मोजायला लागले. आड, चावडी, शाळा, मशीद, मारुतीचा पार, वेस... चौदा झाले. पुन्हा मोजले, पुन्हा चौदाच. रेकॉर्डिंगमध्ये तर पंधरा होते. मला – खोटं कशाला सांगू – जरा बरंच वाटलं. म्हटलं, बघा, जुळत नाही. आपण उगीच जुळवतोय.

सकाळी मला टमटमला सोडायला बाबा रस्त्यापर्यंत आले. टमटम सुटायच्या वेळी आत डोकं घालून म्हणाले, “अगं, पंधरावं आपलंच दार. मी घरात असायचो म्हणून ध्यानात आलं न्हाई. तिथूनच तर सुरू व्हायचं.”

“वेशीपासून नाही?”

“बाकी दवंडी वेशीपासून. पाण्याची असली की पहिला डबा आपल्या दारात, मग वर वर जायचे. गावातल्या मोठ्या लोकायनी लय आरडाओरडा केला. आबा मनायचे, पाणी काय वेशीतून येतंय का.”

रेल्वेत बसल्यावर मी मोबाइलमधला लॉग उघडला. आदल्या दिवशी मी फक्त शेवटचा आकडा बघून नाचले होते, क्रम बघितलाच नव्हता. आमची यादी एकपासून सुरू होते. प्रोग्राम यादी वरून खाली वाचतो. मी बदललेल्या चार ओळींत क्रमाचा संबंधच नव्हता.

लॉगमध्ये पहिला कॉल होता नंबर तीनशेला. आमच्या घराला. मग दोनशे नव्याण्णव, दोनशे अठ्ठ्याण्णव... वस्ती संपली, मग वरची आळी, आणि सगळ्यात शेवटी वेस, नंबर एक.

मी ते तीन स्टेशनं पुन्हा पुन्हा वाचत होते. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, निकाल लागला का म्हणून.

लॅबमध्ये गेल्या गेल्या यादी उघडली. एकपासूनच होती. अझहरनं अम्मीची शपथ घेतली की त्यानं हात लावलेला नाही. टेस्ट पुन्हा चालवली, तर कॉल गेले एकपासून, सरळ क्रमानं. तीनशे लागले, सगळं व्यवस्थित. सरांनी परत चालवलेली टेस्टही सरळच होती. उलटी फक्त ती एक, पहिली.

मग मी माझ्या हातानं यादी उलटी केली. अझहर शेजारी उभा होता, या वेळी त्यानं काहीच टोमणा मारला नाही. पहिल्या पानावरचं ‘एकाच क्षणी’ खोडलं आणि लिहिलं – ‘नदीकाठापासून सुरुवात.’

शुक्रवारी एक्स्टर्नल मॅडमनी सगळं नीट बघितलं. आकडा चढत असताना त्यांनी विचारलं की तुमचे कॉल तीनशेपासून उलटे का जातात, चूक आहे का? मी म्हणाले, “नाही मॅडम. पाणी त्या बाजूनं येतं.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. तीनशेपैकी तीनशे कॉल लागले. आम्ही पास झालो, चांगल्या मार्कांनी.

पण त्या वेळी मी आणि अझहर दोघंही वरच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडंच बघत होतो. तीनशे. तो तिथंच थांबला. अझहर हळूच म्हणाला, “आज आले नाहीत गं.” मला आनंद झालेला असताना कसंतरीच झालं.

मी खूप शोधलं. जुन्या टेस्टमधला एखादा कॉल अडकून राहिला असेल, डिस्कवर आधी कुणाची तरी आवाजाची फाइल असेल, यादी उलटी वाचणारी एखादी जुनी ओळ राहिली असेल... एकेक गोष्ट कदाचित समजावता येईल. सरांनीही प्रयत्न केला. पण बंद असलेलं रेकॉर्डिंग, ठोक्यांच्या पंधरा जुड्या आणि तो क्रम, हे तिन्ही एकत्र माझ्याकडून तरी सुटलेलं नाही. फाइल माझ्याकडं आहे, अजून वाजते. माझा अजूनही अशा गोष्टींवर विश्वास नाही. म्हणजे... नाही असंच मी म्हणते.

आबांचा तो डबा इतकी वर्षं आमच्या अंगणातच होता, वरून कापलेला, कोंबड्यांच्या पाण्याला. मला माहीतच नव्हतं तो कुणाचा ते. निकालाच्या दिवशी घरी गेले, तर कोंबड्यांपुढं प्लास्टिकचं घमेलं होतं. डबा बाबांनी घासूनपुसून आत, माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवला होता.